टॉर्चच्या डब्यावरचे शब्द कसे वाचावेत: आधी सेल, मग ल्युमेन

रब्बीत थ्री फेज लाईटची पाळी रात्रीची आली की आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) पहिल्यांदा लागते ती टॉर्च. आणि ती घेताना आपल्याकडे क्रम हमखास उलटा होतो. मोंढ्यातल्या दुकानात पहिला प्रश्न "किती वॅटची आहे?", दुसरा "किती लांब जाते?". सेलचा विषय निघतो तो टॉर्च मंदावल्यावर. मग मिळेल तो सेल आणि घरात सापडेल तो चार्जर. त्यातून टॉर्च जळते, सेल फुगतो, कधी घरात आग लागते.

या नादातल्या लोकांची एक वेगळीच बोली आहे: १८६५०, प्रोटेक्टेड, फ्लॅट टॉप, थ्रो, कँडेला, सीआरआय, स्टेप-डाऊन. शब्द अवघड नाहीत, पण ते योग्य क्रमाने समजून घ्यावे लागतात. उजेडाचे सगळे आकडे सेलवर अवलंबून असतात, म्हणून आधी सेल आणि मग उजेड. पुढचे टप्पे त्याच क्रमाने आहेत. मधला टप्पा गाळू नका.

एक खुलासा. गावाकडे टॉर्चलाच बॅटरी म्हणतात. घोटाळा नको म्हणून इथे हातातल्या वस्तूला टॉर्च आणि तिच्या पोटात बसतो त्याला सेल म्हटलं आहे.

टप्पा १ : काम कोणतं ते ठरवा

दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी देताना, नजर फार लांब लागत नाही, रुंद लागते. सरी कुठे फुटली, पाणी धुऱ्यावरून शेजाऱ्याकडे चाललं का, बांधाच्या गवतात काय पडलंय, हे सगळं पायापासून दहा-पंधरा पावलांत असतं. अशा पसरणाऱ्या उजेडाला फ्लड म्हणतात. हरभऱ्यात रोही (नीलगाय) किंवा रानडुकरं शिरली की मात्र धुऱ्यापलीकडे जाणारा अरुंद झोत लागतो. तो थ्रो. एकच टॉर्च दोन्ही कामं उत्तम करत नाही, कारण झोत अरुंद केला की पायाजवळचं दिसेनासं होतं.

दुकानात टॉर्च भिंतीवर मारून पाहा. मधला झगझगीत ठिपका म्हणजे हॉटस्पॉट, त्याभोवतीचं मंद वर्तुळ म्हणजे स्पिल. ठिपका लहान आणि प्रखर असेल तर ती थ्रोची टॉर्च. ठिपक्याची कड कुठे संपते तेच कळत नसेल, सगळीकडे सारखा उजेड असेल, तर फ्लडची. पुढची भिंग मागे-पुढे सरकणारी झूम टॉर्च दोन्हीचं आश्वासन देते. पण भिंग पुढे ओढली की बराच उजेड नळीच्या आतच अडकून वाया जातो, आणि त्या सरकत्या फटीतून पाणी व धूळ आत शिरते. उसाच्या फडात किंवा पावसात वापरायची असेल तर झूम टॉर्च घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

हात मोकळे लागतात हेही आत्ताच ठरवा. फावडं दोन्ही हातांनी चालवायचं असतं, म्हणून दारं धरायला डोक्याला बांधायचा फ्लडचा हेडलॅम्प लागतो. लांबची टॉर्च वेगळी. पैसे एकाच टॉर्चपुरते असतील तर आधी हेडलॅम्प घ्या.

तिसरं काम म्हणजे स्टार्टरचा डबा उघडून वायरी बघणं. लाल, पिवळी, निळी हे तीन फेज रात्री ओळखायचे तर सीआरआय हा आकडा बघा. उजेडात रंग किती खरे दिसतात याचं हे १०० पैकी माप. स्वस्त टॉर्चचा सीआरआय साधारण ७० असतो, चांगल्या टॉर्चचा ९० किंवा वर. कमी सीआरआयच्या उजेडात सगळ्यात जास्त मार बसतो तो लाल आणि तपकिरी रंगांना. पाचोळ्यात पडलेली घोणस तपकिरी असते, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती महत्त्वाचा आहे ते कळेल.

त्याच्या जोडीला केल्व्हिन येतो, उजेडाच्या रंगछटेचं माप. ६५०० केल्व्हिन म्हणजे निळसर पांढरा उजेड, ४००० ते ५००० म्हणजे दुपारी घरात येतो तसा, ३००० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बसारखा. धुक्यात आणि फवाऱ्याच्या तुषारात निळसर उजेड डोळ्यांवर परत येतो. शेतासाठी ४००० ते ५००० च्या दरम्यानची टॉर्च मिळाली तर तीच घ्या.

सावध: चार्ज वाचवायचा म्हणून बांधावरून टॉर्च बंद करून चालू नका. घोणस आणि मण्यार जास्त करून रात्रीच फिरतात. चार्ज वाचवायचा तर मोड खालचा लावा.

टप्पा २ : सेलची जात ओळखा

सगळ्यात जास्त चुका होतात त्या इथे. आकार सारखा दिसला, व्होल्ट जवळपास दिसले की बसव, असा आपला हिशेब असतो. तो चुकतो, कारण सेलची जात वेगळी असली की चार्जिंगची हद्द वेगळी असते.

जुन्या पत्र्याच्या टॉर्चमधले जाडे सेल, रिमोटमधले बारीक सेल हे १.५ व्होल्टचे. ते चार्ज करायचे नसतात आणि संपल्यावर आत राहिले की पाझरतात. स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी दिसते ती त्याचीच. त्याच आकाराचे, पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असतात. यात लो सेल्फ-डिस्चार्ज असं लिहिलेला प्रकार घ्यावा. साधा प्रकार कपाटात पडल्या पडल्या उतरतो.

लिथियम आयन ही आजच्या टॉर्चची जात. अंगावर ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलेलं असतं. पूर्ण भरल्यावर ४.२, आणि २.५ ते ३ च्या आसपास आला की रिकामा. लिथियम आयर्न फॉस्फेट ही तिची भावंड जात. अंगावर ३.२ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ३.६५. सौर दिव्यांत ती सापडते. ४.२ च्या चार्जरवर ती लावायची नाही.

आता आपल्याकडे घरोघरी असलेली टॉर्च: बाजूला कळ, मागून दोन पिना बाहेर येतात, थेट प्लगमध्ये खोचायची. तिच्या पोटात बहुतेक वेळा ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती बॅटरी वर्षा-दोन वर्षांत बसते, कारण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर धरतो. मग कोणीतरी सुचवतं, तिच्या जागी लिथियमचा १८६५० टाका, ३.७ आणि ४ मध्ये काय फरक?

फरक चार्जिंगमध्ये आहे. ४ व्होल्टची लेड-ॲसिड भरताना व्होल्टेज ४.६ च्याही वर जातं, आणि त्या टॉर्चमधला साधा चार्जर ते थांबवत नाही. लिथियमची हद्द ४.२ आहे. त्यापुढे रेटला की सेल आतून तापायला लागतो, वायू सोडतो आणि पेटतो. टॉर्च रात्रभर प्लगमध्ये खोचून ठेवायची सवय असलेल्या घरात ही अदलाबदल म्हणजे आगीला आमंत्रण आहे. कितीही ओळखीच्या मेकॅनिकने करून देतो म्हटलं तरी नाही म्हणा. तिच्यात परत ४ व्होल्टची लेड-ॲसिडच टाका, नाहीतर टॉर्च बदला.

याच टॉर्चची आणखी एक गोष्ट. अनेक स्वस्त नमुन्यांत ट्रान्सफॉर्मर नसतो. एक कपॅसिटर लावून २३० व्होल्ट उतरवलेले असतात. याचा अर्थ प्लगमध्ये असताना आतला प्रत्येक भाग, बॅटरीची टोकंसुद्धा, मेन लाईनला जोडलेला असतो. प्लगमध्ये असताना तिचं झाकण उघडू नका, फुटलेल्या टॉर्चला हात लावू नका, ओल्या हातांनी तर नाहीच.

आकारामुळे फसवणारी दुसरी जोडी म्हणजे रिमोटमधला साधा एए सेल आणि १४५०० नावाचा लिथियम सेल. दोन्ही १४ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब. एकात १.५ व्होल्ट, दुसऱ्यात ३.७. दोन एए वर चालणाऱ्या टॉर्चमध्ये दोन १४५०० टाकले की ३ च्या जागी ७.४ व्होल्ट जातात आणि एलईडी एका क्षणात जळतो.

तपासा: मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. मोटारीची कामं करणाऱ्या कुणाकडेही तो असतो. भरलेला लिथियम आयन ४.१ ते ४.२ दाखवतो, भरलेला निकेलचा १.३ ते १.४, नवा साधा सेल १.५ ते १.६. पण एक लक्षात ठेवा: भरून शांत झालेली ४ व्होल्टची लेड-ॲसिडही ४.२ च्या आसपासच दाखवते. म्हणून मीटरवर जात ठरवू नका. आधी अंगावरचे शब्द वाचा, मग मीटर लावा.

टप्पा ३ : सेलच्या अंगावरचे आकडे वाचा

१८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचा शून्य गोल नळीचा. २१७०० म्हणजे २१ जाड, ७० लांब. एवढं कळलं की कुठलाही आकडा वाचता येतो.

पुढचा आकडा एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलची साठवण. खोटेपणा सर्वांत जास्त इथेच चालतो. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी हा नावाजलेला सेल ३४०० एमएएचचा आहे. १८६५० आकारात चांगल्यातला चांगला सेल ३५०० च्या आसपास थांबतो. २१७०० मध्ये ५००० हा नेहमीचा आकडा. त्यामुळे १८६५० वर ६८००, ९९०० किंवा १२००० छापलेलं दिसलं की पुढे काही विचारायचंच नाही. एवढी साठवण त्या नळीत मावत नाही.

आकडा प्रामाणिक वाटत असला तरी वजन करा. हे काम दोन मिनिटांचं आहे. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा ग्रॅम दाखवत असेल तर चालेल, सराफाचा काटा मिळाला तर फारच चांगलं. सेल आडवा ठेवा आणि वाचा. खरा १८६५० साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो, २१७०० साधारण ७० ग्रॅम. काट्यावर २५ किंवा ३० ग्रॅम आले तर आत नावापुरता माल आहे. रंगीत वेष्टन, सोनेरी अक्षरं, कंपनीचं नाव कितीही खरं वाटलं तरी वजन लपवता येत नाही.

वजन बरोबर आलं म्हणजे सेल नवा आहे असं मात्र नाही. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले सेल नवं वेष्टन चढवून विकले जातात. टोकाच्या पत्र्यावर नख फिरवा आणि तिरप्या उजेडात बघा. स्पॉट वेल्डिंगचे बारीक खड्डे किंवा घासलेल्या खुणा दिसल्या तर तो वापरलेला सेल.

भारतात विकायच्या लिथियम सेलला आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी लागते आणि अंगावर किंवा वेष्टनावर आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. क्रमांक दुसऱ्याच कंपनीचा किंवा दुसऱ्याच वस्तूचा निघाला तर सेल परत करा.

आता टोपी. धन टोकावर उंचवटा असेल तर बटन टॉप, सपाट असेल तर फ्लॅट टॉप. काही टॉर्चमध्ये फ्लॅट टॉप टेकतच नाही, आणि मग लोक मध्ये चांदीच्या कागदाची घडी घालतात. ती घडी सरकली की धन टोक कडेला लागून शॉर्ट होतं. घडी घालू नका, योग्य टोपीचा सेल आणा.

प्रोटेक्टेड सेलच्या बुडाशी एक छोटी सर्किटची चकती असते. जास्त चार्ज, जास्त उतरणं आणि शॉर्ट या तिन्हींपासून ती सेलला तोडते. तिच्यामुळे ६५ चा सेल ६८ ते ७० मिलिमीटर होतो आणि काही टॉर्चमध्ये बसत नाही. म्हणून घेताना टॉर्च सोबत न्या. माझा सल्ला सरळ आहे: टॉर्चमध्ये लो व्होल्टेज प्रोटेक्शन (सेल फार उतरण्याआधी टॉर्च बंद करणारी सोय) असल्याचं लिहिलेलं नसेल तर प्रोटेक्टेड सेलच घ्यायचा.

शेवटचा शब्द सीडीआर, म्हणजे सेल न थांबता किती अँपिअर देऊ शकतो ती मर्यादा. सॅमसंगचा ३०क्यू ३००० एमएएचचा असून १५ अँपिअर देतो. जास्त साठवणीचे सेल सहसा कमी अँपिअरचे असतात. शंभर-दोनशे ल्युमेनच्या (हे उजेडाचं माप, पुढच्या टप्प्यात येतं) हेडलॅम्पला याची चिंता नाही. मोठ्या उजेडाच्या टॉर्चला कमी सीडीआरचा सेल लावला की तो तापतो आणि उजेड लगेच पडतो.

सावध: लिथियम सेलची पूर्ण नळी ऋण असते, आणि धन टोकाभोवतीची कडसुद्धा ऋणच. दोघांमध्ये फक्त पातळ वेष्टन आणि एक कागदी चकती. सदऱ्याच्या खिशात सुटा सेल, गाडीची किल्ली आणि पत्र्याची चुन्याची डबी एकत्र ठेवली की शॉर्ट व्हायला तेवढं पुरे. सुटा सेल प्लास्टिकच्या डबीतच ठेवा. वेष्टन फाटलं असेल तर तो सेल वापरू नका.

टप्पा ४ : आता डब्यावरचा उजेड वाचा

वॅट हे उजेडाचं माप नाही, वीज किती खाल्ली त्याचं माप आहे. उजेडाचं माप ल्युमेन. टॉर्चमधून सगळ्या दिशांना मिळून किती उजेड बाहेर पडतो ते हा आकडा सांगतो. डोळ्यांना दुप्पट वाटायला ल्युमेन साधारण चौपट लागतात, त्यामुळे ८०० आणि १००० मधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजू नका.

एका दिशेला झोत किती तीव्र आहे ते कँडेला सांगतो, आणि थ्रोचं अंतर त्यावरूनच निघतं. हिशेब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा, त्याची दुप्पट करा, मीटर मिळाले. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. ४०,००० म्हणजे ४०० मीटर. मात्र हे अंतर म्हणजे जिथे उजेड पाव लक्स (लक्स हे जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उरतो ती जागा, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तिथे काहीतरी हललं हे कळेल, रोही आहे की मोकाट गाय हे कळणार नाही. ओळख पटवायची तर लिहिलेल्या अंतराचं निम्मंच धरा.

हाच हिशेब उलटा करून डब्यावरचे २ किलोमीटर तपासा. त्यासाठी दहा लाख कँडेला लागतात. हजार-पाचशेच्या टॉर्चमध्ये ते असणं शक्य नाही.

किती वेळ चालेल हे घरीच काढता येतं. ३००० एमएएचचा सेल, ३.६ व्होल्ट: ३ गुणिले ३.६ म्हणजे १०.८ वॅट-तास. चांगला एलईडी, सर्किटमधली घट धरून, एका वॅटला साधारण १०० ल्युमेन देतो. म्हणजे या सेलवर १००० ल्युमेन जेमतेम तासभर, २०० ल्युमेन पाच तासांच्या आसपास. रात्रभराच्या पाळीला तुम्हाला २०० ल्युमेनचा मोड आणि एक जादा सेल लागतो. डब्यावर एका १८६५० वर १०,००० ल्युमेन आणि ८ तास लिहिलं असेल तर हा गुणाकार दुकानदारासमोरच करा.

प्रामाणिक डब्यावर एएनएसआय एफएल१ असं लिहिलेलं असतं. त्या पद्धतीत ल्युमेन टॉर्च लावल्यावर ३० सेकंद ते २ मिनिटांच्या दरम्यान मोजतात आणि वेळ मोजतात ती उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणून १५०० ल्युमेन, ३ तास याचा अर्थ तीन तास १५०० असा नसतो. काही मिनिटांनी टॉर्च तापते, आतलं सर्किट स्वतःच उजेड खाली आणतं. हाच स्टेप-डाऊन. तो दोष नाही, तो नसेल तर टॉर्च हातात धरवणार नाही.

अंगावर टी६ लिहिलेल्या टॉर्च सगळीकडे दिसतात. टी६ हे एलईडीचं नाव नव्हे. क्री कंपनीच्या एका एलईडीच्या उजेडाची ती प्रतवारी होती. आज डब्यावर ते छापलेलं असणं यावरून काहीच ठरत नाही.

पाण्यासाठी आयपीएक्स बघा. ४ म्हणजे शिंतोडे चालतील. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. दारं धरताना टॉर्च पाटात पडतेच, तेव्हा ७ च्या खाली घेऊ नका.

तपासा: टॉर्च सर्वांत खालच्या मोडवर लावून फिरत्या पंख्यावर धरा. पाती तुटक-तुटक, थांबल्यासारखी दिसली तर उजेड लुकलुकतो आहे, याला पीडब्ल्यूएम म्हणतात. हळू लुकलुकणाऱ्या उजेडात तासन्‌तास काम केलं की डोळे शिणतात.

टप्पा ५ : चार्जिंग

लिथियमचा चार्जर आधी ठरावीक करंट देतो, सेल ४.२ व्होल्टला पोचला की व्होल्ट तिथेच धरून करंट उतरवत नेतो, आणि शेवटी बंद होतो. याला सीसी-सीव्ही म्हणतात. चार्जरच्या मागे आउटपुट ४.२ व्होल्ट लिहिलेलं हवं. ५ व्होल्टची वायर थेट सेलला जोडणं म्हणजे वर सांगितलेल्या लेड-ॲसिडच्या चुकीचीच पुनरावृत्ती.

३००० एमएएचच्या सेलला १ अँपिअर पुरे. साडेतीन-चार तास लागतात, लागू द्या.

आपल्याकडे खरा प्रश्न तापमानाचा. या सेलची चार्जिंगची हद्द साधारण ० ते ४५ अंश. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाहेरच ४२-४३ असतं, आखाड्यावर पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. म्हणजे दुपारी दोन वाजता लाईट आली म्हणून सेल लावला तर तो सुरुवातीपासूनच हद्दीबाहेर असतो. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिरा लावा. वापरून गरम झालेला सेलही लगेच लावू नका, हाताला गार लागू द्या. सौर पट्टी असलेली टॉर्च उन्हात पूर्ण ठेवू नका. पट्टी वायरने वेगळी होत असेल तर पट्टी उन्हात आणि टॉर्च सावलीत.

दुसरा प्रश्न जागेचा, आणि इथे मी आग्रहाने सांगतो. भाव येईल म्हणून दिवाळीनंतर घराघरांत कापूस भरलेला असतो, आणि बोर्ड नेमका त्याच खोलीत. कापसाच्या खोलीत लिथियम सेल चार्ज करू नका. गादीवर, उशीजवळ, कडब्याच्या वळईला टेकून तर नाहीच. फरशीवर किंवा मातीच्या भांड्यात, डोळ्यांसमोर, घरातलं कुणी जागं असताना.

टॉर्चला टाइप-सीची खाच आहे पण मोबाईलच्या नव्या, दोन्हीकडे टाइप-सी असलेल्या वायरीने चार्ज होत नाही, ही नेहमीची तक्रार. टॉर्च बिघडलेली नसते. स्वस्त टॉर्चमध्ये त्या खाचेमागे दोन छोटे रेझिस्टर गाळलेले असतात, त्यामुळे चार्जर करंटच सोडत नाही. एका बाजूला जुनी चपटी यूएसबी असलेली वायर वापरा, चार्ज होईल.

तपासा: चार्जर हिरवा झाल्यावर मीटर लावा. ४.१५ ते ४.२५ मध्ये हवं. त्यावर गेलं तर चार्जर त्याच दिवशी बाजूला काढा.

टप्पा ६ : शेतात नेण्याआधी घरी एक फेरी

भरलेला सेल एक दिवस तसाच ठेवा आणि पुन्हा मोजा. ४.१ च्या खाली आला असेल तर सेल आतून गळतो आहे, परत करा.

सेल टॉर्चमध्ये घालताना धन बाजू कुठे ते आतल्या खुणेवरून बघा. बहुतेक टॉर्चमध्ये ती डोक्याकडे असते, सगळ्यांत नाही. दोन सेलची टॉर्च असेल तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच वयाचे आणि सारख्याच व्होल्टचे हवेत. एक जुना एक नवा घातला तर जुना आधी रिकामा होतो आणि नवा त्याला उलटा रेटतो.

मग वरच्या मोडवर दहा मिनिटं चालवा. हात ठेवता येत नाही इतकी तापली आणि उजेडही खाली आला नाही, तर त्या टॉर्चमध्ये तापमानाचा पहारा नाही. ती फक्त खालच्या मोडवर वापरा.

आट्यांजवळची रबरी रिंग, ओ-रिंग, तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. मोटारीचं ग्रीस किंवा ऑइल नको, काही रबर त्याने फुगतं आणि मग झाकण बसत नाही.

टप्पा ७ : ठेवणं आणि टाकणं

बाजूला इलेक्ट्रॉनिक कळ असलेली टॉर्च बंद असतानाही थोडा करंट खाते. मागचं झाकण पाव फेरा सैल केलं की बहुतेक टॉर्चचं सर्किट तुटतं. याला लॉकआऊट म्हणतात, आणि पिशवीत कळ चुकून दाबली जाण्याचाही धोका टळतो. पेरणीपासून दिवाळीपर्यंत टॉर्च लागणार नसेल तर सेल काढून ३.७ ते ३.८ व्होल्टवर, म्हणजे निम्मा भरलेला, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. पूर्ण भरून उन्हाळाभर ठेवलेला सेल लवकर म्हातारा होतो. मोटारसायकलच्या डिकीत मे महिन्यात सेल ठेवू नका. लेड-ॲसिडचं उलटं आहे: ती भरूनच ठेवायची आणि महिन्याला एकदा चार्ज करायची.

सेल २ व्होल्टच्या खाली जाऊन बराच काळ पडला असेल, फुगला असेल, दाबला गेला असेल, चार्ज होताना नेहमीपेक्षा गरम लागत असेल किंवा गोडसर वास येत असेल, तर तो संपला. त्याला झटका देऊन जिवंत करायच्या युक्त्या करू नका. चार्जिंगला असताना धूर आला तर सेलला हात लावण्याआधी मेन स्विच पाडा. मगच, जवळ न जाता, भरपूर पाणी ओता, म्हणजे सेल थंड होईल. विझल्यासारखा दिसला तरी तो पुन्हा पेटू शकतो, म्हणून काही तास मोकळ्या जागेत राहू द्या.

संपलेला सेल उकिरड्यावर किंवा चुलीत जात नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या बरणीत साठवा आणि तालुक्याला गेल्यावर जिथून घेतला त्या दुकानात विचारा. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. लेड-ॲसिडच्या बदल्यात तर भंगाराचे पैसेही मिळतात. ती फोडून शिसं काढायचा उद्योग मात्र अंगणात करू नका, ती माती पोरांच्या हाताला लागते.